‘पुढे काय?’ आणि ‘कशावरून?’ : नेसरीची कथा व मराठीतील साहस-तपासकथेचा विचार

१

साहसकथा आणि तपासकथा या दोन कथाप्रकारांना ‘रंजनप्रधान वाङ्मय’ असे एकच नाव देऊन त्यांची बोळवण करण्याची प्रथा मराठी समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. दोन्ही प्रकार उत्कंठेवर जगतात, दोहोंत संकट असते आणि दोहोंचा वाचक बहुधा तरुण असतो, एवढ्या साम्यावरून त्यांना एका कप्प्यात टाकले जाते. परंतु त्यांची अंतर्रचना पाहिली तर ती परस्परविरुद्ध असल्याचे दिसून येते. साहसकथा संकल्पाकडून परिणामाकडे जाते. तिचा वाचक ‘पुढे काय?’ असे विचारीत असतो. तपासकथेत परिणाम आधीच घडून गेलेला असतो. तेथे प्रेत सापडलेले असते, कागद नाहीसा झालेला असतो, आणि कथा तेथून मागे कारणाकडे चालत जाते. तिचा वाचक क्षणोक्षणी ‘कशावरून?’ असा प्रश्न करतो. पहिल्या प्रकारात वाचकाने नायकाबरोबर दौडावे अशी अपेक्षा असते, तर दुसऱ्यात त्याने थांबून पुरावा तपासावा अशी.

या भेदाचा विचार केवळ वर्गीकरणाच्या हौसेने करावयाचा नाही. मराठी वाचकाच्या मनावर ज्या कथांनी सर्वांत खोल ठसा उमटविला, त्या बहुतांशी शिवकालीन साहसाच्या कथा आहेत. आणि त्या कथा ऐकताना ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा होय, असा समज समाजात अधूनमधून डोके वर काढतो. तो समज कितपत खरा, याची परीक्षा करण्यास कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी येथील प्रसंगाइतके योग्य उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

२

नेसरीची कथा सर्वपरिचित आहे. उंबराणीच्या लढाईत (एप्रिल १६७३) सरनोबत प्रतापराव गुजर यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडीत पकडले, पण तो शरण येताच त्याला जाऊ दिले. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना कडक शब्दांत ठपका दिला. तो शब्द जिव्हारी लागून, पाठीमागच्या सैन्याची वाट न पाहता, प्रतापरावांनी सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर घोडे घातले आणि सातही जण नेसरीच्या खिंडीत पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि तिच्या गायनाने ही कथा मराठी घराघरांत पोहोचविली. नेसरीच्या खिंडीत या सात वीरांचे स्मारक उभे आहे.

कथा म्हणून पाहता हिची बांधणी किती रेखीव आहे, हे सहज ध्यानात येते. चूक, ठपका, पश्चात्ताप, धाडस आणि मरण या पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून अपरिहार्यपणे निघते. पात्रे मोजकी आहेत, स्थळ अरुंद आहे, काळ क्षणाचा आहे. लघुकथेच्या तंत्राविषयी ना. सी. फडके यांनी ‘लघुकथा : तंत्र आणि मंत्र’ या ग्रंथात जो एकसंध परिणामाचा आग्रह धरला, तो येथे कोणा लेखकाच्या प्रयत्नावाचून सिद्ध झालेला दिसतो. वस्तुतः प्रश्न नेमका येथेच उद्भवतो. इतकी रेखीव बांधणी घटनेची की सांगणाऱ्यांची?

याचे उत्तर साधनांकडे वळल्यावाचून मिळत नाही. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली या प्रसंगाची तिथी देते. माघ वद्य चतुर्दशी, शके १५९५, म्हणजे २४ फेब्रुवारी १६७४. शकावलीच्या स्वभावानुसार तेथे घटनेचा नुसता उल्लेख आहे. दुसरे साधन म्हणजे इंग्रजांच्या नोकरीतील दुभाषा नारायण शेणवी याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये धाडलेले पत्र. दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत प्रतापराव व आणखी सहा स्वार मारले गेले, उरलेल्या सैन्याची त्यांना कुमक झाली नाही आणि खान विजयी ठरला, एवढा आशय त्यात आहे. तिसरे साधन कृष्णाजी अनंत सभासद याची बखर. ती जिंजी येथे १६९४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांनी, लिहिली गेली. उंबराणीचा तह, महाराजांचा रोष आणि खानाला बुडविल्याशिवाय तोंड दाखवू नये अशी ताकीद, हे सर्व तीत येते; परंतु नेसरीस सभासद वर्णितो ते मोठे युद्ध. सात स्वारांचा आकडा त्याच्या कथनात नाही.

तीन साधने समोर ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. तिथी एकाने दिली, आकडा व स्थळाचा अरुंदपणा दुसऱ्याने दिला आणि हेतू तिसऱ्याने दिला. लोककथेने या तीन हातांतील तीन धागे घेऊन एक गोफ विणला आणि जो धागा गोफात बसेना, म्हणजे सभासदाचे मोठे युद्ध, तो बाजूस टाकला. सहा स्वारांची म्हणून जी नावे पुढे सांगितली जाऊ लागली, ती तर या तिघांपैकी एकाही साधनात नाहीत. ती उत्तरकालीन परंपरेने पुरविली आहेत. साहसकथेचा हा धर्मच आहे. तिला अनामिक सोबती चालत नाहीत; ‘पुढे काय?’ विचारणाऱ्या श्रोत्याला दौडणाऱ्या प्रत्येक घोड्यावर एक चेहरा हवा असतो.

३

तपासकथेचा धर्म याहून वेगळा कसा, हे पाहण्यासाठी तिच्या अभिजात नमुन्यांकडे जावे लागते. एडगर ॲलन पो याने १८४१ मध्ये दुपाँ हा पात्रविशेष निर्माण करून या प्रकाराचा पाया घातला. आर्थर कॉनन डॉयल याने १८९१ च्या जुलैपासून ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सच्या लघुकथा लिहावयास प्रारंभ केला व पुढे छत्तीस वर्षांत त्यांची संख्या छप्पन्नावर नेली. विशेष असे की, त्याच डॉयलने १८९४ पासून ब्रिगेडियर जेरार या नेपोलियनच्या घोडदळातील अधिकाऱ्याच्या साहसकथाही लिहिल्या. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन मालिका शेजारी ठेवल्या तर प्रकारभेद पडताळून पाहण्याची सोयच होते.

जेरारची पहिली कथा पदकाची आहे. नेपोलियन त्याच्या हाती एक खलिता देऊन शत्रूने व्यापलेल्या वाटेने त्याला पॅरिसकडे धाडतो. जेरार अचाट शौर्याने शत्रूला हुलकावण्या देत तो खलिता मुक्कामी पोहोचवितो आणि पारितोषिकाच्या अपेक्षेने परततो. तेव्हा त्याला कळते की, खलिता खोटा होता, तो शत्रूच्या हाती पडावा हाच बादशहाचा बेत होता, आणि जेरारच्या शौर्याने तो बेत पार उधळून लावला. नेपोलियन संतापतो, तथापि ज्या माणसाचे डोके इतके जड तितकेच ज्याचे काळीज निधडे, त्याला पदक दिल्यावाचून त्याच्याने राहवत नाही.

हास्याचा भाग वगळला तर या कथेच्या गाभ्यात नेसरीचाच पेच आहे. सेवकाचे शौर्य आणि स्वामीचा बेत यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हा तो पेच. शिवाजी महाराजांना खान बुडालेला हवा होता. सरनोबत गमावलेला नको होता. राज्याभिषेकास (६ जून १६७४) चार महिनेही उरले नसताना सेनापती पडणे ही राज्याच्या दृष्टीने केवढी हानी होती, हे सांगावयास नको. डॉयल हा पेच शेवटच्या पानावर उलगडून दाखवितो आणि वाचकाला एकाच वेळी हसवितो व हळवे करतो. नेसरीची प्रचलित कथा मात्र तो उलगडत नाही. ती सात घोडे उधळल्याबरोबर डोळे मिटते.

होम्सच्या कथांपैकी ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) हिचा येथे विशेष उपयोग आहे. तबेल्यातून घोडा पळविला गेला त्या रात्री कुत्रा भुंकला नाही, या न घडलेल्या गोष्टीवरून होम्स असा निष्कर्ष काढतो की, आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. घडले त्याकडे सर्वांचे लक्ष असते; जे घडावयास हवे होते पण घडले नाही, तेथे तपास सुरू होतो, हा त्या कथेचा सिद्धान्त होय. तो नेसरीला लावून पाहिला तर दोनशे ओळींच्या वीरगाथेलाही न सुचलेला प्रश्न पुढे येतो. सात जण का गेले, याचे उत्तर सभासद देतो. पण उरलेले का आले नाहीत? नारायण शेणव्याच्या पत्रातील कुमक न झाल्याचा उल्लेख हे या प्रसंगातील न भुंकलेले कुत्रे आहे. वाट अरुंद म्हणून मोठे दळ पुढे सरकू शकले नाही, की सरनोबत निघाल्याचे मागच्यांना वेळेवर उमगलेच नाही, की हुकमाची वाट पाहण्यात क्षण निसटला, या तीन शक्यतांची तीन निरनिराळी चित्रे उभी राहतात आणि प्रत्येक चित्रात प्रतापरावांच्या कृतीचा अर्थ वेगळा होतो. पहिल्यात ते भूगोलाचे बळी ठरतात, दुसऱ्यात स्वतःच्या वेगाचे, तिसऱ्यात लष्करी शिस्तीचे.

४

या तुलनेत सर्वांत जवळची कथा जी. के. चेस्टरटन याची होय. ‘द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन’ (१९११) या संग्रहातील मोडक्या तलवारीच्या कथेत एका प्रख्यात इंग्रज सेनापतीची स्मारके गावोगाव उभी आहेत. हा सेनापती आयुष्यभर सावधपणाबद्दल नावाजलेला. पण अखेरच्या दिवशी त्याने मूठभर सैन्यानिशी प्रबळ शत्रूवर वेडा हल्ला चढविला. शहाण्याने मूर्खपणा का करावा, या एकाच विसंगतीवरून फादर ब्राउन मागे मागे जातो आणि अखेर असा उलगडा करतो की, सेनापतीने आपल्याच एका अधिकाऱ्याचा खून केला होता व ते एक प्रेत लपविण्यासाठी त्याने प्रेतांचे रण माजविले. सत्य कळूनही फादर ब्राउन ते जगजाहीर करीत नाही.

येथे तपासकथेने वीरकथेला पालथे घातले आहे. तपासबुद्धीविषयी समाजाला जे भय वाटते ते अशाच कथांमुळे. चौकशी सुरू केली की पुतळा कोसळतो, असा तिचा ठसा उमटतो. परंतु नेसरीची गोष्ट हे भय निराधार ठरविते. तेथेही अनुभवी सेनापतीने उघड अविचार केला, ही विसंगती आहे. तेथेही मागे जाऊन पाहता एक लपलेले कारण सापडते. पण ते कारण गुन्हा नसून लज्जा आहे. एकदा शत्रूला जीवदान देण्याचे औदार्य केले, त्याचे पर्यवसान स्वामीच्या रोषात झाले, आणि तो रोष सोसण्यापेक्षा मरण सोपे वाटले. तपासाअंती प्रतापराव लहान होत नाहीत. पुतळ्याच्या जागी माणूस दिसू लागतो. चेस्टरटनच्या सेनापतीची कीर्ती अज्ञानावर उभी होती. प्रतापरावांची कीर्ती ज्ञानाने कमी होत नाही, हा या दोन प्रसंगांतील महत्त्वाचा फरक होय.

५

आता असा प्रश्न निर्माण होतो की, मराठीत अशी तपासदृष्टीची लघुकथा भरास का आली नाही? येथल्या मातीत तिचे बीजच नव्हते असे म्हणता येणार नाही. वेतालपंचविशीत तीन चोखंदळ भावांची गोष्ट आहे. एकाला राजाघरच्या भातात प्रेताचा वास येतो आणि चौकशी केल्यावर तो तांदूळ स्मशानाजवळच्या शेतातला निघतो. दुसऱ्याला सुंदर स्त्रीच्या अंगाला शेळीचा वास येतो आणि ती लहानपणी शेळीच्या दुधावर वाढल्याचे कळते. तिसऱ्याच्या अंगावर सात गाद्यांखालच्या केसाचा वळ उठतो. सूक्ष्म खुणेवरून दडलेले कारण शोधणे व मग प्रत्यक्ष चौकशीने ते पडताळणे, ही तपासकथेची दोन्ही अंगे येथे आहेत. एवढेच की, वेताळाला उलगड्यापेक्षा तिघांत श्रेष्ठ कोण या निवाड्यात अधिक रस आहे. कथा तपासापाशी येऊन न्यायाकडे वळते.

छापील युगात कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींनी (१८६१ पासून) आणि लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला अद्भुताची गोडी लावली. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या आधाराने ‘बंधुद्वेष’, ‘कालिकामूर्ती’ इत्यादी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत गुप्त वाटा, वेषांतरे व कारस्थाने विपुल आहेत. परंतु पुरावा वाचकापुढे मांडून त्याला निष्कर्षाची संधी द्यावी, हा दंडक तेथे नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी झुंजार, काळा पहाड, धनंजय असे नायक उभे करून हजारांवर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचनाची सवय नसलेल्या हजारो लोकांच्या हाती पुस्तक दिले. हे त्यांचे ऋण समीक्षेने मोकळेपणाने मान्य करावयास हवे. तथापि त्यांचा नायक शोध घेण्यापेक्षा झुंज घेण्यात रमतो. त्याचे नावच झुंजार आहे, ही गोष्ट बोलकी आहे. म्हणजे तपासकथेच्या वेषातही मराठीत साहसकथाच नांदत राहिली.

याउलट, ऐतिहासिक कादंबरीने साहसाला आपल्या पोटात घेतले. ‘करमणूक’ पत्रातून (आरंभ १८९०) हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’ व ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्या क्रमशः दिल्या आणि शिवकाल ही साहसाची मराठी भूमी ठरून गेली. आणि तपासाची वृत्ती? ती गेली इतिहाससंशोधनात. होम्सच्या कथा लंडनमध्ये गाजत असतानाच, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड वाई येथे मिळालेल्या पत्रांवरून सिद्ध केला व त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील तिथ्या, नावे व हकिकती अस्सल कागदांवर घासून पाहिल्या. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. कागद कोणाच्या हातचा, शाई कोणत्या काळाची, तिथी वाराशी जुळते की नाही, लिहिणारा प्रत्यक्ष हजर होता की ऐकीव सांगत होता, हे प्रश्न ज्या चिकाटीने या मंडळींनी विचारले, ती चिकाटी दुपाँ व होम्स यांच्याच कुळातली आहे. मराठी समाजाचा खरा गुप्तहेर दप्तराच्या रुमालात डोके घालून बसलेला संशोधक होता. त्याच्या शोधाची कथा लिहिणारा वॉटसन मात्र त्याला मिळाला नाही.

आणखी एका कारणाचा निर्देश येथे करावयास हवा. १९४५ नंतर नवकथेने मराठी लघुकथेची दिशा पालटली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे यांनी कथानकाच्या ठोकळेबाज गुंफणीपासून कथा सोडविली, ही मोठीच कामगिरी होय. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, कथानक म्हणजेच कृत्रिमता असे समीकरण समीक्षेत रूढ झाले. तपासकथेचा तर देहच कथानकाचा असतो. साहजिकच ती अभिजनांच्या विचारातून उतरली आणि तिच्यावर गंभीरपणे लिहिणारे थोडे उरले.

६

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मराठीत ‘पुढे काय?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न दोन वेगळ्या घरांत वाढले. पहिला कादंबरीकाराकडे व कवीकडे, दुसरा संशोधकाकडे. त्यांची गाठ पडते तेव्हा ती बहुधा भांडणाच्या रूपाने पडते. एखाद्या प्रसिद्ध प्रसंगातील तपशील समकालीन साधनांत नाही असे संशोधकाने म्हणावे आणि वाचकांनी दुखावून जावे, असे वारंवार घडते. यात दोष एकाच बाजूचा नाही. संशोधकाने निष्कर्ष सांगितला पण निष्कर्षापर्यंतची वाट सांगितली नाही, तर ऐकणाऱ्याला केवळ काहीतरी हिरावून घेतल्याचे दुःख होते. तपासकथेकडून शिकावयाचे ते हेच. ती वाचकाला वाटेवर सोबत घेते, प्रत्येक खूण दाखविते, चुकीचे तर्कही करू देते. म्हणून अखेरचा उलगडा त्याला स्वतःचा वाटतो.

शिवचरित्रात याला अनुकूल प्रसंग आहेत. आग्र्याहून सुटका (ऑगस्ट १६६६) ही तर बंद खोलीच्या कोड्याचीच घटना आहे. चहूकडे चौकी-पहारे असताना कैदी नाहीसा झाला, आणि पहारेकऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो ‘कसा?’ हाच. शाइस्तेखानावरील छाप्यात (एप्रिल १६६३) बेत आधी लपलेला असतो व मागाहून उलगडतो. या साहसांचे सामर्थ्यच पूर्वयोजनेत आहे. नेसरी त्या मालिकेत वेगळी पडते ती येथे योजना नाही म्हणून. गनिमी काव्याच्या इतिहासात कावा टाकून दिल्याचा हा प्रसंग आहे, आणि म्हणूनच त्याचे कारण शोधण्याची ओढ अधिक लागते.

नेसरीवर लिहू पाहणाऱ्या उद्याच्या कथाकाराने सात घोड्यांची दौड जरूर वर्णावी. पण खिंडीच्या अलीकडे थांबलेल्या स्वारांपैकी एकाला, दुसऱ्या दिवशी धन्याला वार्ता कळविण्यासाठी निघालेल्या जासुदाला, किंवा ऐकीव बातमी इंग्रजांना लिहून पाठविणाऱ्या दुभाष्याला त्याने निवेदक करून पाहावे. त्यांपैकी कोणालाही संपूर्ण हकिकत ठाऊक नव्हती. प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे जुळविण्याचे काम वाचकावर सोपविता येईल. सहा सोबत्यांना त्याने नावे दिली तर ती आपण दिली असे त्याला प्रांजळपणे सांगता येईल. न दिली तरी बिघडणार नाही. समकालीन कागदाने त्यांची नावे टिपली नाहीत, संख्या मात्र टिपली. परक्या कंपनीच्या दुभाष्याला सुद्धा सरनोबताबरोबर पडलेले सहा जण मोजावेसे वाटले, एवढा पुरावा त्यांच्या मरणाला पुरेसा आहे.